त्रैक्याचा सिद्धान्त आणि त्याचा शास्त्राधार

ख्रिस्ती धर्माच्या जवळजवळ सर्व मुख्य पंथांना मान्य असलेला आणि तरीही त्या पंथांबाहेरच्या वाचकाला सर्वांत दुर्बोध वाटणारा सिद्धान्त म्हणजे त्रैक्याचा, अर्थात एकच परमेश्वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत अनादिकाळापासून आहे, या श्रद्धेचा सिद्धान्त होय. बायबलमध्ये तो एका ठिकाणी, व्याख्येच्या स्वरूपात, कोठेही मांडलेला नाही. ‘त्रैक्य’ या अर्थाचा शब्दही तेथे आढळत नाही. ग्रीक भाषेतील ‘त्रिआस’ हा शब्द अंतुखियाचा बिशप थिओफिलस याने सुमारे १८० साली देव, त्याचा शब्द आणि त्याचे ज्ञान या तिघांना उद्देशून वापरला, आणि ‘त्रिनितास’ हा लॅटिन शब्द तिसऱ्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील तेर्तुलियन याच्या लेखनातून रूढ झाला. या वस्तुस्थितीवरून दोन टोकांची मते निघाली. एका मताप्रमाणे हा सिद्धान्त चौथ्या शतकात रोमन सम्राटाच्या छत्राखाली जमलेल्या बिशपांनी ग्रीक तत्त्वज्ञानाच्या साहाय्याने रचला आणि मागाहून शास्त्रावर लादला. दुसऱ्या मताप्रमाणे तो उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासूनच स्पष्ट आहे, फक्त वाचणाऱ्याला दृष्टी हवी. मूळ मजकूर बारकाईने पाहिला, तर ही दोन्ही मते टिकत नाहीत. त्रैक्याचा खरा आधार सुट्या वचनांपेक्षा पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत आणि त्या उपासनेने उभ्या केलेल्या प्रश्नात आहे, आणि त्याच्या समर्थनार्थ हौसेने पुढे केली जाणारी कित्येक वचने प्रत्यक्षात त्याची सर्वांत कच्ची बाजू आहेत, असे येथे प्रतिपादायचे आहे.

आधी सिद्धान्त नेमके काय म्हणतो ते पाहणे इष्ट ठरेल, कारण त्यावरचे पुष्कळसे आक्षेप त्याने कधीच न केलेल्या विधानांवर घेतलेले असतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस स्थिर झालेल्या मांडणीनुसार देवाचे सत्तत्त्व, ज्याला ग्रीकमध्ये ‘ऊसिआ’ म्हणतात, ते एकच आणि अविभाज्य आहे, आणि त्या एका सत्तत्त्वात तीन ‘हिपोस्तासिस’, म्हणजे परस्परांहून खरोखर भिन्न असलेल्या व्यक्ती आहेत. यांतला भेद केवळ परस्परसंबंधाचा आहे: पिता कोणापासूनही नाही, पुत्र पित्यापासून अनादिकाळी जन्मलेला आहे, आणि आत्मा पित्यापासून निघतो. ‘व्यक्ती’ या शब्दाचा येथे स्वतंत्र मन व स्वतंत्र इच्छा असलेला माणूस असा आजचा अर्थ घेतला, की तीन देव मानल्याचा आरोप आपोआप उभा राहतो. उलट पिता, पुत्र व आत्मा ही एकाच देवाने वेळोवेळी घेतलेली तीन रूपे मानली, की तिसऱ्या शतकात साबेलियसच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला आणि चर्चने नाकारलेला रूपवाद पदरी येतो. पुत्राला पित्याहून कमी दर्जाचा, निर्माण झालेला मानणे ही तिसरी वाट, आणि तीही नाकारली गेली. मराठी वाचकाला येथे त्रिमूर्ती किंवा दत्तात्रेय आठवणे स्वाभाविक असले, तरी ते साम्य वरवरचे आहे. ब्रह्मा, विष्णू व महेश यांच्याकडे उत्पत्ती, स्थिती व लय ही कार्ये वाटून दिलेली आहेत, तर त्रैक्याच्या सिद्धान्तात जगाच्या संदर्भातील देवाचे प्रत्येक कार्य तिघांचे मिळून एकच असते आणि त्याची वाटणी करता येत नाही.

शास्त्राधाराच्या शोधाला आरंभ करावा लागतो तो अशा वचनापासून, जे या सिद्धान्ताच्या विरुद्ध जाते असे प्रथमदर्शनी वाटते. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलाला उद्देशून केलेली जी घोषणा आहे, आणि धर्मनिष्ठ यहुदी आजही जिचा दररोज सकाळ-संध्याकाळ उच्चार करतात, ती ‘शेमा’ परमेश्वराच्या एकत्वाची घोषणा आहे. मार्काच्या शुभवर्तमानात मुख्य आज्ञा कोणती असे विचारले गेल्यावर येशू स्वतः हीच घोषणा उच्चारतो. म्हणजे त्रैक्याचा सिद्धान्त ज्यांच्यामुळे पुढे उभा राहिला, ते लोक एकेश्वरवादाला सोडून गेलेले नव्हते, आणि हाच सगळ्या प्रश्नाचा पेच आहे.

जुन्या करारात त्रैक्याचे थेट पुरावे शोधण्याची परंपरा मोठी आहे, पण तिचे फळ तुटपुंजे आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्य निर्माण करताना देव अनेकवचनात बोलतो, हे वचन दुसऱ्या शतकापासून पुरावा म्हणून दिले जात आले. परंतु तेथे देव स्वर्गातील आपल्या सभेला उद्देशून बोलत आहे, असा अर्थ बहुसंख्य आधुनिक अभ्यासक घेतात, आणि अनेकवचनावरून तीन ही संख्या तर कोणत्याही व्याकरणाने निघत नाही. मम्रे येथे अब्राहामाकडे आलेले तीन पाहुणे पंधराव्या शतकात आंद्रेइ रुब्ल्योव्ह याच्या विख्यात रशियन प्रतिमेत त्रैक्याचे चिन्ह झाले, पण उत्पत्तीच्या कथेत त्या तिघांपैकी दोघे पुढे सदोमास जातात आणि तेथे त्यांना देवदूत म्हटले आहे. यापेक्षा अधिक वजनदार गोष्ट अशी, की देवाचा शब्द, देवाचे ज्ञान आणि देवाचा आत्मा यांच्याविषयी इब्री शास्त्र कधी देवाशी एकरूप म्हणून, तर कधी देवाने पाठवलेले, देवापाशी असलेले म्हणून बोलते. अ‍ॅलन सीगल याने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवल्याप्रमाणे, स्वर्गात दोन सत्ता आहेत असे मानणाऱ्यांविरुद्ध यहुदी रब्बींना वाद घालावा लागला होता. म्हणजे देवाच्या एकत्वाच्या आत काही भेद असू शकतो का, हा प्रश्न यहुदी विचाराला पूर्णपणे परका नव्हता. एवढ्यावरून त्रैक्य सिद्ध होत नाही. नव्या कराराच्या लेखकांना येशूविषयी बोलताना ज्या शब्दकळेचा आधार मिळाला, ती मात्र येथून आली.

नव्या करारातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा कोठे आहे, असे विचारले तर बहुतेक जण योहानाचे शुभवर्तमान उघडतील. कालक्रमाने पाहिले, तर त्याहून चार दशकांनी आधीचा आणि कदाचित अधिक विलक्षण पुरावा पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे, आणि तो थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. हे पत्र सुमारे ५४ सालचे, म्हणजे येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर पंचवीसएक वर्षांच्या आतले आहे. विषय अगदी व्यवहारातला आहे: मूर्तीपुढे ठेवलेले मांस ख्रिस्ती माणसाने खावे की खाऊ नये. पौल म्हणतो, की जगात देव आणि प्रभू म्हणवणारे पुष्कळ असले तरी आपल्याला एकच देव आहे, तो पिता, ज्याच्यापासून सर्व काही झाले. आणि एकच प्रभू आहे, तो येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही झाले. ग्रीक शेमामध्ये ‘प्रभू’ आणि ‘देव’ हे दोन्ही शब्द एकाच परमेश्वराविषयी आहेत आणि तो एक आहे असे त्यात सांगितले आहे. पौलाने तीच घोषणा उचलून ‘देव’ हा शब्द पित्याला आणि ‘प्रभू’ हा शब्द येशूला लावला, आणि ‘एक’ हे विशेषण दोघांनाही कायम ठेवले. त्यातही सृष्टीच्या निर्मितीत सहभाग, म्हणजे यहुदी विचारात देवाशिवाय कोणाकडेही नसलेले कार्य, येशूकडे दिले. विशेष असे, की पौल हे सिद्ध करण्याचा प्रयत्नच करत नाही. वाद मांसाचा चालला आहे आणि हे विधान दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या गृहीताप्रमाणे मध्ये येते. जी गोष्ट सांगताना लेखक युक्तिवाद करत नाही, ती त्याच्या आधीपासून रूढ असते, हा इतिहासाच्या अभ्यासातला साधा नियम येथे लागू पडतो.

फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचे वळण असेच आहे. तेथे प्रत्येक गुडघा येशूच्या नावाने टेकेल आणि प्रत्येक जीभ तो प्रभू आहे असे कबूल करील, असे म्हटले आहे; हे शब्द यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातले असून तेथे ते परमेश्वराने स्वतःविषयी, आपल्यावाचून दुसरा देव नाही असे ठासून सांगताना उच्चारलेले आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी पौल ‘माराना था’ ही अरामी भाषेतील प्रार्थना ग्रीक वाचकांसाठीही अनुवाद न करता तशीच ठेवतो, त्या अर्थी येशूला प्रभू म्हणून हाक मारण्याची प्रथा पॅलेस्टाईनमधील अरामी बोलणाऱ्या पहिल्या शिष्यांपासूनची असावी. सुमारे ११२ साली बिथुनियाचा रोमन अधिकारी प्लिनी सम्राट त्रायान याला कळवतो, की ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. बाहेरच्या आणि सहानुभूती नसलेल्या माणसाने टिपलेली ही साक्ष असल्यामुळे तिचे मोल अधिक आहे.

पिता, पुत्र व आत्मा या तिघांचा एकत्र उल्लेख करणारी वचनेही आहेत. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या समाप्तीचा आशीर्वाद प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता मागतो; पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात कृपादानांविषयी लिहिताना आत्मा, प्रभू आणि देव असा क्रम येतो. क्रम दर वेळी वेगळा आहे, यावरून हे साचेबंद सूत्र झालेले नव्हते, पण विचाराची घडण मात्र त्रिविध होती, असे दिसते. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातील बाप्तिस्म्याची आज्ञा मात्र सूत्ररूप आहे आणि तेथे तिघांसाठी ‘नाव’ हा शब्द एकवचनी आहे. या वचनाच्या अस्सलपणाविषयी शंका घेतली गेली, कारण चर्चचा इतिहासकार युसेबियस हे वचन पुष्कळदा आखूड रूपात देतो आणि प्रेषितांच्या कृत्यांत बाप्तिस्मा येशूच्या नावाने दिल्याचे उल्लेख आहेत; परंतु हे वचन असलेल्या प्रत्येक ग्रीक हस्तलिखितात त्रिविध नावच आहे आणि ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या नियमग्रंथातही तेच येते. आज्ञेचे शब्द येशूचेच की मत्तयाच्या मंडळीतील उपासनेतून आलेले, यावर अभ्यासकांत मतभेद असू शकतो. पहिले शतक सरण्याच्या सुमारास त्या शब्दांनी बाप्तिस्मा होत होता, याबद्दल शंका घेण्यास फारशी जागा नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात ही घडण उघड विधानाच्या पातळीवर येते. आरंभी शब्द होता, तो देवासह होता आणि देव होता, असे पहिलेच वाक्य सांगते, आणि शेवटाकडे थोमा पुनरुत्थित येशूला आपला प्रभू आणि आपला देव म्हणतो. त्याच शुभवर्तमानात येशू पिता आपल्याहून थोर आहे असेही म्हणतो, आणि हे वाक्य बाजूला सारून चालणार नाही. मार्कामध्ये त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पुत्रालाही ठाऊक नाही, केवळ पित्याला ठाऊक आहे, असे आहे. उत्तम असा एकच, तो देव, असे म्हणून येशू स्वतःला उत्तम म्हणवून घेणे टाळतो. कलस्सैकरांस पत्र त्याला सर्व सृष्टीत प्रथमजन्मलेला म्हणते. त्रैक्य न मानणाऱ्यांनी सतराशे वर्षे हीच वचने पुढे केली आहेत, आणि ती त्यांनी शास्त्राबाहेरून आणलेली नाहीत. पारंपरिक उत्तर असे, की यांतली काही वचने येशूच्या मानवी स्वभावाविषयी आणि काही पित्यापासून जन्मण्याच्या संबंधाविषयी आहेत. हे उत्तर सुसंगत आहे, परंतु ते एकट्या वचनातून निघत नाही. दोन्ही प्रकारची वचने एकत्र खरी मानण्याचा निश्चय केल्यावर ते निघते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

शास्त्राधाराच्या नावाने झालेल्या गफलतीचे सर्वांत बोलके उदाहरण योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सापडते. मूळ मजकुरात आत्मा, पाणी व रक्त हे तीन साक्षीदार आहेत. पण लॅटिन परंपरेत त्यांच्या आधी स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द व पवित्र आत्मा असे आणखी तिघे येतात आणि हे तिघे एक आहेत असे स्पष्ट विधान येते. संपूर्ण बायबलमध्ये त्रैक्याचे याहून थेट वचन नाही, आणि नेमके तेच मूळचे नाही. चौदाव्या शतकाआधीच्या एकाही ग्रीक हस्तलिखिताच्या मजकुरात ते सापडत नाही. त्रैक्यावर हिरिरीने वाद चालू होता त्या चौथ्या शतकात सिद्धान्ताच्या बाजूने लढणारे अथनासियस किंवा ग्रेगरी नाझियांझेन यांपैकी कोणीही ते वापरलेले नाही. आणि असे वचन हाती असते तर ते वापरल्याशिवाय ते राहिले नसते, हे उघड आहे. ते स्पेनमध्ये चौथ्या शतकाच्या अखेरीस प्रिस्किलियनच्या परिवारातील लेखनात प्रथम निश्चितपणे दिसते. बहुधा समासात लिहिलेली टीप पुढे नकलाकाराने मजकुरात घेतली असावी. एरास्मस याने आपल्या छापील ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतले नाही, त्यावरून गदारोळ झाला, आणि ते वचन असलेले एक ताजे ग्रीक हस्तलिखित पुढे आल्यावर १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते घातले. तेथून ते १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये गेले. आयझॅक न्यूटन याने १६९० साली जॉन लॉक याला पाठवलेल्या प्रबंधात या प्रक्षेपाचा इतिहास उलगडून दाखवला, पण तो त्याच्या हयातीत छापला गेला नाही. रोमन कॅथलिक अधिकाऱ्यांनी १८९७ साली या वचनाच्या अस्सलपणाचे रक्षण करणारा निर्णय दिला आणि १९२७ साली अभ्यासकांना मोकळीक दिली. ज्या सिद्धान्ताला या वचनाची गरज चौथ्या शतकात पडली नाही, त्याच्या रक्षणासाठी ते शतकानुशतके राखले गेले, ही गोष्ट सिद्धान्तावर श्रद्धा असलेल्यांनीच सर्वांत अधिक खेदाने नोंदवावी अशी आहे.

आता चौथ्या शतकातील नायसियाच्या परिषदेकडे वळता येईल. सुमारे ३१८ साली आलेक्झांड्रियातील धर्मगुरू आरियस याने पुत्र हा सर्व सृष्टीच्या आधीचा व श्रेष्ठ असला तरी निर्माण झालेला आहे, आणि तो नव्हता अशी एक अवस्था होती, असे शिकवायला आरंभ केला. आरियसला तत्त्वज्ञानाने भुललेला आणि विरोधकांना शास्त्रनिष्ठ समजणे हे चित्र सोपे पण चुकीचे आहे. त्याचा मुख्य आधार नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातील ज्ञानाच्या भाषणात होता. ग्रीक अनुवादात तेथे परमेश्वराने आपल्याला निर्माण केले असे ज्ञान म्हणते. ज्ञान म्हणजे पुत्र हे दोन्ही पक्षांना मान्य होते, म्हणून हे वचन अथनासियसला फार जड गेले आणि ते मानवी देह धारण केलेल्या ख्रिस्ताविषयी आहे, असा ताणलेला अर्थ त्याला लावावा लागला. मूळ इब्री क्रियापदाचा अर्थ मिळवणे किंवा जन्म देणे असाही होऊ शकतो, हे त्याच्या युक्तिवादाला पुढे थोडे बळ देणारे ठरले. पण दोघांनीही काव्यातील रूपकाला तत्त्वविधान मानले, असे आजचे बहुतेक अभ्यासक म्हणतील.

सम्राट कॉन्स्टंटाईन याने ३२५ साली नायसिया येथे बोलावलेल्या परिषदेत अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान बिशप जमले असावेत. परंपरेने सांगितली जाणारी ३१८ ही संख्या उत्पत्तीतील अब्राहामाच्या सेवकांच्या संख्येवरून घेतलेली आहे. तेथे पुत्राला पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच सत्तत्त्वाचा, असे म्हटले गेले. हा शब्द शास्त्रात नाही, आणि अंतुखियाच्या २६८ सालच्या सभेत तो नाकारला गेला होता, असे त्याचे विरोधक दाखवून देत. तो का घेतला गेला, याची अथनासियसने दिलेली हकीकत मार्मिक आहे: बिशपांना आधी शास्त्रातलेच शब्द वापरायचे होते, पण देवापासून असणे, देवाची प्रतिमा असणे असा शास्त्रातील प्रत्येक शब्द आरियसचे पाठीराखे आपल्या अर्थाने मान्य करू लागले, म्हणून शास्त्राचा अर्थ राखण्यासाठी शास्त्राबाहेरचा शब्द घ्यावा लागला. शास्त्राचे अक्षर आणि त्याचा आशय यांतला हा भेद पुढील अर्धशतकाच्या वादाचे मर्म आहे. सिर्मियम येथे ३५७ साली निघालेल्या जाहीरनाम्यात ‘ऊसिआ’ व तत्सम शब्द शास्त्रात नसल्यामुळे कोणी उच्चारूच नयेत असे बजावले होते. म्हणजे केवळ शास्त्राच्या शब्दांचा आग्रह त्या काळी नायसियाच्या विरोधकांचा होता. नायसियाने वाद मिटला हीदेखील चुकीची समजूत आहे. अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला, आणि मधल्या काळात पुष्कळ वर्षे सम्राट विरुद्ध पक्षाकडे झुकलेले होते. सम्राटांच्या बळावर हा सिद्धान्त लादला गेला असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विचारात घेतली पाहिजे, जशी सिद्धान्ताच्या समर्थकांनी हा सिद्धान्त बंधनकारक करणारा सम्राट थिओडोसियस याचा ३८० सालचा फतवा विचारात घेतला पाहिजे.

आत्म्याचा प्रश्न यानंतर आला आणि तो अधिक अवघड होता, कारण नव्या करारात पवित्र आत्म्याला कोठेही थेट देव म्हटलेले नाही. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या पवित्र आत्म्याशी लबाडी करतो आणि पेत्र त्याला तू देवाशी लबाडी केलीस असे सांगतो, हे वचन जवळात जवळचे आहे. योहानात येशू आत्म्याला दुसरा कैवारी म्हणतो आणि त्याच्या ठायी शिकवणे, आठवण करून देणे अशी व्यक्तीला शोभणारी कार्ये सांगतो. सीझरियाचा बिशप बासिल याने सुमारे ३७५ साली आत्म्यावर लिहिलेला ग्रंथ एका प्रार्थनेच्या वादातून जन्मला. पित्याला पुत्राच्या द्वारे, आत्म्यामध्ये गौरव असो, असे म्हणण्याची रीत होती. बासिल कधीकधी पित्याला पुत्रासह, आत्म्यासह गौरव असो असेही म्हणे. शब्दयोगी अव्ययांचा हा वाद त्याने तपशिलाने लढवला आणि शास्त्रात ही अव्यये तिघांसाठी अदलून बदलून येतात हे दाखवले. त्याचा खरा मुद्दा मात्र साधा होता: ज्या नावाने बाप्तिस्मा होतो त्या नावाने श्रद्धा असावी आणि ज्याप्रमाणे श्रद्धा असेल त्याप्रमाणे स्तुती असावी, निर्माण झालेल्या वस्तूच्या नावाने कोणी तारणाचा बाप्तिस्मा घेत नाही. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने आत्म्याला होमोऊसिओस म्हटले नाही. पिता व पुत्र यांच्याबरोबर त्याची उपासना होते व त्याला गौरव मिळतो, एवढेच म्हटले. ग्रेगरी नाझियांझेन याला हे अपुरे वाटले. परंतु तत्त्वज्ञानाच्या परिभाषेपेक्षा उपासनेच्या वस्तुस्थितीवर विधान उभे करण्यात परिषदेने अधिक शहाणपण दाखवले, असे म्हणणे भाग आहे.

पुढील हजार वर्षांची मांडणी समृद्ध असली, तरी शास्त्राधारात तिने थोडीच भर घातली. ऑगस्टीनने पंधरा भागांच्या ग्रंथात स्मृती, बुद्धी व इच्छा यांत त्रैक्याची छाया शोधली. आत्मा पित्यापासून निघतो, हे योहानाच्या पंधराव्या अध्यायाचे विधान, आणि तो पुत्राचाही आत्मा आहे, हे गलतीकरांस पत्राचे विधान, यांचा मेळ कसा घालावा यावरून पश्चिमेने पंथमतात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या घोषणेत, ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द जोडले. रोममध्ये ते १०१४ साली म्हटले गेले, आणि पूर्व व पश्चिम चर्चमधील फुटीचे ते आजवर एक कारण राहिले आहे.

धर्मसुधारणेच्या काळात केवळ शास्त्र हेच प्रमाण ठरल्यावर जुना प्रश्न नव्या धारेने उभा राहिला. मिखाएल सर्व्हेटस याने १५३१ साली त्रैक्याच्या चुकांवर ग्रंथ लिहिला आणि २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हा येथे त्याला जिवंत जाळले गेले; ज्या प्रोटेस्टंट नगरात शास्त्रावाचून दुसरे प्रमाण नाही असे शिकवले जात होते, तेथे शास्त्राचा वेगळा अर्थ लावणाऱ्याची ही गत व्हावी, याचे समर्थन कोणत्याही सिद्धान्ताच्या नावाने होऊ शकत नाही. अधिक शांत मार्गाने गेला तो लंडनचा धर्मगुरू सॅम्युअल क्लार्क. त्याने १७१२ साली नव्या करारातील १२५१ वचने विषयवार लावून तपासली आणि स्वयंभू असा केवळ पिताच, पुत्राची सत्ता त्याच्यापासून आलेली, असा निष्कर्ष काढला. वचनांची एवढी काटेकोर गोळाबेरीज त्याआधी क्वचितच झाली होती, पण मोजणीच्या पद्धतीची मर्यादाही तिथेच दिसते: बहुतांश वचनांत ‘देव’ म्हणजे पिता हे खरे असले, तरी पौलाने शेमा उघडून त्यात येशूला स्थान दिले, यासारख्या एका जागेचे वजन अशा मोजदादीत नाहीसे होते.

भारतात हा वाद वेगळ्या वळणाने आला. गोव्यात राहिलेल्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याचे १६१६ साली छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे आणि त्याच्या आरंभीचे नमन ख्रिस्ती देवाला आहे. राममोहन रॉय यांनी १८२० साली येशूचे उपदेश वेगळे काढून छापले, तेव्हा सेरामपूरच्या जोशुआ मार्शमन यांच्याशी त्यांचा त्रैक्यावर दीर्घ वाद झाला, आणि त्यांच्याबरोबर शास्त्र अभ्यासत असलेला विल्यम अ‍ॅडम हा मिशनरी स्वतःच १८२१ मध्ये त्रैक्य नाकारून बसला. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचा प्रभाव पडून १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, परंतु त्यानंतरच्या दोन वर्षांत सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी मनातील शंका निर्भयपणे मांडल्या. चर्चने ठरवलेले पंथमत केवळ चर्चने ठरवले म्हणून त्या मान्य करण्यास तयार नव्हत्या. शास्त्र वाचून आपली बुद्धी आणि विवेक पटले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. जेराल्डीन यांना यात उद्धटपणा दिसला. वास्तविक वेद-पुराणांच्या प्रामाण्याला जो प्रश्न रमाबाईंनी विचारला होता, तोच त्या येथे विचारत होत्या, आणि सर्व्हेटसपासून क्लार्कपर्यंतच्या साऱ्या परंपरेचा प्रश्नही तोच होता.

भारतीय परिभाषेत त्रैक्य मांडण्याचा प्रयत्न केशवचंद्र सेन यांनी १८८२ मध्ये कलकत्त्याच्या व्याख्यानात केला, आणि ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये संस्कृतात रचलेल्या वंदनागीतात पिता म्हणजे सत्, पुत्र म्हणजे चित् आणि आत्मा म्हणजे आनंद असा मेळ घातला. हा मेळ सुंदर आहे आणि चित् म्हणजे पुत्र हे समीकरण योहानाच्या शब्दाशी जुळतेही. पण सत्, चित् व आनंद ही परस्परांशी बोलत नाहीत, एकमेकांना पाठवत नाहीत. आणि गेथशेमाने बागेत पित्याला हाक मारून प्रार्थना करणारा पुत्र हा तर नव्या करारातील त्रैक्याचा गाभा आहे.

विसाव्या शतकात कार्ल बार्थ यांनी १९३२ मध्ये या सिद्धान्ताला ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अगदी आरंभी आणून ठेवले, आणि कार्ल रानर यांनी तारणाच्या इतिहासात दिसणारे त्रैक्य तेच देवाचे आंतरिक त्रैक्य होय असा आग्रह धरला. शास्त्राधाराच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचे काम बायबलच्या अभ्यासकांनी केले. १९१३ साली विल्हेल्म बुसेट यांनी येशूला प्रभू मानणे ग्रीक जगातील देवपंथांच्या प्रभावाने आले असे मांडले होते. लॅरी हर्टाडो यांनी १९८८ पासून दाखवत आणले, की येशूची उपासना यहुदी शिष्यांमध्येच आणि फार लवकर सुरू झाली, आणि तशी उपासना देवदूत किंवा मोशे यांना कधी मिळालेली नव्हती. रिचर्ड बॉकम यांच्या मते पौल येशूला देवाशेजारी दुसरा म्हणून बसवत नाही, तर एकाच देवाच्या ओळखीत त्याचा समावेश करतो. जेम्स डन यांना हे फार पुढचे वाटले. पौलाच्या काळी प्रार्थना प्रामुख्याने येशूच्या द्वारे पित्याला होती, थेट येशूला क्वचित, याकडे त्यांनी लक्ष वेधले, आणि तो इशारा योग्य आहे.

या सगळ्या चर्चेत आत्मा पुन्हा मागे पडतो, कारण पहिल्या शतकात आत्म्याला उद्देशून प्रार्थना झाल्याचा पुरावा जवळजवळ नाही. सारा कोकली यांनी यावर सुचवलेला मार्ग रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातून जातो. तेथे प्रार्थना कशी करावी हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या आत आत्मा शब्दांपलीकडील कण्हण्याने पित्याला विनंती करतो आणि त्या माणसाला पुत्राच्या प्रतिमेसारखा करतो. येथे आत्मा ज्याला हाक मारायची तो नसून, ज्याच्यामुळे हाक मारता येते तो आहे, आणि त्यामुळे त्याला उद्देशून प्रार्थना न सापडणे हे त्याच्या देवत्वाविरुद्धचे प्रमाण राहत नाही. पौलाने या वाक्यांतून तीन व्यक्तींचे तत्त्वज्ञान मांडले नाही हे उघड आहे. पण ज्या माणसाची प्रार्थना अशा रीतीने घडते, त्याला देवाविषयी एका शब्दात उत्तर देऊन थांबता येत नाही.